वेशीवर उभी असलेली सून

शास्त्रभाग : रूथ १:१९–२२, २:८–१८



आपल्या मंडळ्यांतील विवाहविधीत रूथच्या पुस्तकातील एक प्रतिज्ञा पुष्कळदा वाचली जाते. नामी जेथे जाईल तेथे जाण्याची, तिचे लोक ते आपले लोक व तिचा देव तो आपला देव मानण्याची ती प्रतिज्ञा होय (१:१६). वधूने वराला उद्देशून म्हणावी अशाच थाटात आपण ती ऐकतो. वस्तुतः ती पत्नीने पतीला केलेली नाही. सुनेने सासूला केलेली आहे. पती तर मवाबातच मरण पावला होता. ज्याच्या नात्याने सासरी जायचे तोच बरोबर नाही, आणि सासरच्या गावात सासूखेरीज ओळखीचे एक माणूस नाही, अशा स्थितीत ही विधवा परमुलखात निघाली होती.

गेल्या वर्षी आमच्या मंडळीतील एका मुलीने मला दूरध्वनी केला, तेव्हा मीही तिला हेच वचन दिले. ती परिचारिका म्हणून कुवेतला नोकरी करते. तेथेच काम करणाऱ्या एका फिलिपिनो तरुणाशी तिचा विवाह झाला. विवाहास दोघांकडची मोजकीच माणसे जमू शकली. आता नाताळात ती प्रथमच पतीच्या गावी, फिलिपिन्समधील बातांगास प्रांतात जाणार होती. “पाळकसाहेब, चाळीसएक माणसं जमणार आहेत म्हणे. भाषा येत नाही. मी तिथं कोण म्हणून उभी राहू?” असे तिने विचारले. मी रूथचा पहिला अध्याय, सोळावे वचन वाचावयास सांगितले, प्रार्थना केली आणि आपले कर्तव्य झाले असे समजून स्वस्थ बसलो. त्याच रात्री पुस्तक उघडून पुढे वाचले, आणि माझ्या ध्यानात आले की मी तिला निघण्याचे वचन दिले, पोहोचण्याचे दिले नाही. पोहोचण्याची कथा पुढे आहे आणि ती सुरुवातीला फार सुखाची नाही.

मवाब म्हणजे मृत समुद्राच्या पूर्वेकडील डोंगराळ पठार. आज तो भाग जॉर्डन देशात मोडतो. तेथून बेथलेहेमास यावयाचे तर प्रथम खोल दरीत उतरावे लागते. मृत समुद्राचा काठ आज समुद्रसपाटीच्या ४३० मीटरहून अधिक खाली आहे, तर बेथलेहेम समुद्रसपाटीपासून ७५० मीटरहून अधिक उंचीवर वसलेले आहे. दोघी विधवा हा सारा चढ चढून आल्या. हंगाम सातूच्या कापणीचा होता. त्या गावात शिरल्या तेव्हा गाव गजबजून गेले, असे शास्त्र सांगते. बायका गोळा झाल्या. ही नामीच काय, असे त्या एकमेकींना विचारू लागल्या. नामीने सांगितले की आता मला मनोहर अर्थाच्या त्या नावाने हाक मारू नका, कडू अर्थाच्या ‘मारा’ या नावाने मारा. कारण भरलेली अशी मी येथून गेले आणि परमेश्वराने मला रिकामी परत आणले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. नामी ‘रिकामी’ हा शब्द उच्चारीत असताना तिच्या शेजारी कोणी तरी उभे आहे. पायांवर धूळ, पाठीवर बोचके, तोंडावर प्रवासाचा शीण. तिने आपले माहेर, आपली दैवते, आपल्या पतीची माती, सारे मागे टाकले आहे. तिच्याविषयी एकही बाई एकही प्रश्न विचारीत नाही, आणि सासूही तिची ओळख करून देत नाही.

नामीला दोष देण्याचे धैर्य मला होत नाही. जिने पती आणि दोन तरुण मुलगे परमुलखात पुरले, तिला वेशीवर उभे राहून शिष्टाचार सुचावा अशी अपेक्षा कोणी करावी? तथापि दुःख माणसाला शेजारचे माणूस दिसू देत नाही, हे या प्रसंगात उघड दिसते. नामीने गमावलेले तिघे मोजले गेले. पण त्या तिघांतला एक, महलोन, हा रूथचा पती होता. तीही विधवाच होती. तिचे सांत्वन त्या दिवशी बेथलेहेमात कोणी केले नाही.

या पुस्तकात तिला ‘रूथ मवाबी’ असे पाच वेळा म्हटले आहे, आणि शेतावरच्या मुकादमाने तर नावही न घेता ‘नामीबरोबर आलेली ती मवाबी मुलगी’ एवढेच सांगितले (२:६). मवाबी हा शब्द त्या गावात गोड नव्हता. मवाब्यांनी परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा निर्बंध नियमशास्त्रात होता (अनुवाद २३:३). भाषेचे म्हणाल तर दोन्हीकडची बोली बहिणीबहिणींसारखी होती. १८६८ साली मवाबातील दिबोन येथे मेशा राजाचा काळ्या दगडावरील शिलालेख सापडला. ख्रिस्तपूर्व ९व्या शतकातील हा लेख आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्याची भाषा इब्री भाषेच्या इतकी जवळची आहे की इब्री जाणणाऱ्याला तीतील पुष्कळ शब्द ओळखीचे वाटतात. म्हणजे रूथला बेथलेहेमातले बोलणे बहुधा समजत असावे. न समजणाऱ्याला आपल्याविषयी काय बोलले जाते ते कळत नाही, एवढा तरी आडोसा असतो. रूथला तोही नसावा.

आता एक कबुली देणे मला प्राप्त आहे. आठ वर्षांपूर्वी माझ्या पुतण्याने नेदरलँड्समध्ये विवाह केला आणि नाताळास तो पत्नीला घेऊन आमच्या घरी आला. अकरा दिवस ती दोघे आमच्याकडे होती. आम्ही आदरातिथ्यात काही उणे ठेवले नाही, असे मी पुढे कितीतरी दिवस सर्वांना सांगत असे. करंज्या झाल्या, साडी नेसवून झाली, आत्याबाई, मावशी, चुलत सासवा, जावा, नणंदा अशा सगळ्यांकडे तिला मिरवून झाले. ती हाताने जेवते याचे कौतुक झाले, तिच्या उंचीवर विनोद झाले. बोलणे सारे मराठीत, तेही तिच्या डोक्यावरून. तिला काही विचारायचे झाल्यास आम्ही पुतण्याला विचारीत होतो : ‘हिला तिखट चालतं का रे? ही चहा घेते का?’ ती समोरच बसलेली असे. आमच्यापैकी अनेकांना कामापुरते इंग्रजी येत होते, आणि तिलाही येत होते.

ती परत गेल्यावर काही महिन्यांनी पुतण्याकडून सहज कळले की त्या नाताळाच्या पाच महिने आधी तिची आई वारली होती. आईविनाचा तो तिचा पहिला नाताळ होता. अकरा दिवसांत आमच्या घरातील वीस-पंचवीस माणसांपैकी एकालाही, आणि मी तर पाळक, तुझ्या घरी कोण कोण असते, असे विचारण्याची बुद्धी झाली नाही. बेथलेहेमच्या वेशीवरच्या बायकांहून आम्ही वेगळे नव्हतो. किंबहुना त्यांच्यापुढे वर्षानुवर्षांनी परतलेली शोकाकुल मैत्रीण होती. आमच्यापुढे तशी काही सबबही नव्हती.

रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय या पार्श्वभूमीवर वाचावा. रूथ सासूची परवानगी घेऊन शेतात सरवा वेचावयास जाते. कापणी करणाऱ्यांच्या मागे पडलेली कणसे गरीब व परके यांच्यासाठी सोडावी असा नियम होता (लेवीय १९:९–१०), म्हणजे दोन्ही अंगांनी तिचा हक्कच होता. तरी ती मुकादमाला विचारून मगच कामास लागते. ते शेत बवाजाचे निघते, आणि बवाज हा तिच्या सासऱ्याच्या कुळातला. सासरच्या विस्तृत गोतावळ्यापैकी तिच्याशी प्रत्यक्ष बोलणारा, शास्त्राने नोंदलेला हा पहिला मनुष्य.

तो काय करतो ते सावकाश पाहू या. तो तिला मुलगी म्हणून हाक मारतो. दुसऱ्या शेतात जाऊ नकोस, माझ्या मोलकरणींच्या जवळ राहा, असे सांगतो. गड्यांनी तिला त्रास देऊ नये अशी ताकीद देतो. तहान लागल्यास गड्यांनी भरलेले पाणी पिण्यास सांगतो. एरवी पाणी भरणे हे बायकांचे आणि परक्यांचे काम; येथे पुरुषांनी भरलेले पाणी परकी स्त्री पिणार आहे. हे ऐकून रूथ भूमीवर लवते आणि मज परकीची दखल आपण का घ्यावी, असे विचारते.

बवाजाचे उत्तर (२:११) माझ्या दृष्टीने या साऱ्या पुस्तकाचा बिजागरा आहे. तो म्हणतो की तुझा पती मेल्यापासून तू सासूशी कशी वागलीस, आईबाप व जन्मभूमी सोडून अनोळखी लोकांत कशी आलीस, ही सारी हकिकत मला कळली आहे. म्हणजे गावात तिच्याविषयी बोलणे चालूच होते. सगळ्यांना सगळे ठाऊक होते. फक्त तिच्यासमोर ते कोणी उच्चारले नव्हते. बवाजाने ते उच्चारले. तिने आणले काय याचा हिशेब गावाने केला होता. बवाजाने तिने सोडले काय ते तिच्या तोंडावर सांगितले : पती, आई, बाप, जन्मभूमी. आणि याला रूथ काय म्हणते? आपण माझे सांत्वन केले आहे, असे ती म्हणते (२:१३). वेशीवर जे व्हावयास हवे होते ते कापणीच्या शेतात झाले.

मग जेवणाची वेळ होते. तो तिला जवळ बोलावतो, भाकरीचा तुकडा आंबट सिरक्यात बुडवून घेण्यास सांगतो आणि भाजलेले धान्य, म्हणजे आपला हुरडाच म्हणा ना, तो स्वतः तिच्यापुढे करतो. ती पोटभर जेवते आणि काही उरवते. ती उठून गेल्यावर तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसे खाली टाका आणि ती वेचताना तिला लाजवू नका, धमकावू नका. हे ती ऐकत नाही. दान करणारे पुष्कळ असतात. घेणाऱ्याला आपण घेत आहोत हे जाणवू नये याची काळजी वाहणारा विरळा.

बवाजाला हे कसे सुचले असावे? मत्तयकृत शुभवर्तमानातील वंशावळीत एक तपशील आहे, ज्यावरून आपण भराभर पुढे जातो. बवाजाची आई राहाब होती (मत्तय १:५), यरीहोची, कनानी. परकी सून घरात कशी वावरते हे त्याने अंगणातच पाहिले असणार, असे मी मानतो. शास्त्र तसे म्हणत नाही, हे मान्य.

आता त्या मुलीकडे वळतो. कुवेतला परतल्यावर तिने पुन्हा दूरध्वनी केला आणि तासभर बोलली. तिच्या संमतीने थोडे लिहितो. पहिला तास तिला आमच्याच घरासारखा गेला. अंगण माणसांनी भरलेले, मुले पाहत उभी, बायका तिच्या पतीला विचारीत : ही भात खाते का, हिला डुकराचे मांस चालते का, ही किती दिवस राहणार. ती हसून हसून दमली. इतक्यात पतीच्या आजीला, तिकडच्या शब्दांत ‘लोला’ला, बाहेर आणून खुर्चीवर बसवले. तेथे वडीलधाऱ्या माणसाला भेटताना त्यांचा हात आपल्या हाती घेऊन, वाकून, आपल्या कपाळाला लावण्याची रीत आहे. तिला ‘मानो’ म्हणतात; स्पॅनिश भाषेत मानो म्हणजे हात. पतीने ही रीत विमानातच शिकवली होती. तिने तसे केले. म्हातारीने हात सोडवून घेतला नाही. “कुमाइन का ना?” असे विचारले. मुलीला शब्द कळला नाही, पण पाठोपाठ भाताचे ताट आले तेव्हा अर्थ कळला : जेवलीस का? “पाळकसाहेब, माझी आजीसुद्धा दारात पहिलं हेच विचारायची,” असे सांगताना तिचा आवाज कापत होता.

जेवण झाल्यावर आजीने नातवाकरवी विचारले, हिची आई आहे का? आहे म्हटल्यावर, आपली लेक सुखरूप पोहोचली हे तिला कळवले का? नव्हते कळवले. मग अंगणातल्या चाळीस माणसांदेखत सोलापूरला भ्रमणध्वनी लावण्यात आला, चित्रासह. पलीकडे आई, अलीकडे आजी. एक मराठी बोलत होती, एक तागालोग. आजीने मुलीचे रिकामे ताट उचलून पडद्यासमोर धरले. ते पाहून सोलापूरला तिची आई रडू लागली.

दुसऱ्या दिवशी तिला स्वयंपाकघरात बोलावणे आले. तेथे नारळ खवण्यासाठी लाकडी बैठकीला दातेरी लोखंडी पाते बसवलेले असते आणि त्यावर बसून खवतात. आपल्या विळीच्या खोवणीचेच हे भावंड. मामेसासवा नारळ कसा धरायचा ते खुणांनी दाखवू लागल्या, तोवर हिने बसून एक वाटी खवून टाकलीसुद्धा. हशा पिकला. ‘त्या क्षणी माझं पाहुणपण संपलं’ असे ती म्हणाली. नाताळापूर्वीच्या नऊ पहाटे, १६ ते २४ डिसेंबर, तिकडे अंधार असतानाच उपासनेस जातात. ज्या पहाटे ती गेली, त्या पहाटे भाषा न कळताही प्रभूची प्रार्थना कोणती ते तिला लयीवरून ओळखू आले, आणि तिने ती मराठीत म्हटली. पतीचे कुटुंब कॅथलिक, ही प्रॉटेस्टंट. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी ती जागेवर बसून राहिली आणि तिला ते लागले. त्याविषयी लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. ती जखम तिची एकटीची नाही, एवढेच म्हणतो.

जी बहीण किंवा जो भाऊ अशा प्रवासास निघणार आहे, त्याच्यासाठीही या शास्त्रभागात काही आहे. रूथ बवाजाच्या पंक्तीला बसून तृप्त झाली, पण उरलेले तिने पदरात बांधून सासूसाठी नेले (२:१८). त्या दिवशी झोडून काढलेले सातू एफाभर, म्हणजे सुमारे २२ लिटर भरले. ज्या सासूने गावासमोर तिचा उल्लेखही केला नाही, तिच्यासाठी तिने दिवसभर कंबर वाकवली आणि स्वतःच्या घासातला घास राखला. ती कोणाशी हुज्जत घालीत नाही, आपली ओळख करून द्या असेही म्हणत नाही. मात्र दबूनही राहत नाही. विचारते, काम करते, आणि आश्चर्य वाटल्यास तेही बोलून दाखवते. सातूची कापणी संपून गव्हाची संपेपर्यंत ती तशीच वेचीत राहिली (२:२३). पहिल्या भेटीत सासर आपले झाले नाही म्हणून खचून जाणाऱ्यांनी हा अवधी ध्यानात घ्यावा. आणखी एक : त्या शेतांच्या परिसरातून, हवा स्वच्छ असल्यास, मृत समुद्रापलीकडे मवाबाचे डोंगर दिसतात. सरवा वेचताना मान वर केली की तिला तिचे माहेर दिसत असावे. ते विसरून जा असे तिला कोणी सांगितल्याचे शास्त्रात नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचे नावच बदलण्याची जुनी चाल होती, काही घरांत अजूनही आहे. बेथलेहेमाने रूथचे नाव बदलले नाही.

कुळात सगळेच बवाज नसतात, हेही खरे. बवाजाहून जवळचा एक नातलग होता. शेत घेण्यास तो तयार होता. शेताबरोबर मवाबी सून येणार हे कळताच आपल्या वतनाचे नुकसान होईल म्हणून त्याने अंग काढून घेतले (४:६). इब्री मूळात बवाज त्याला ‘पलोनी अलमोनी’ म्हणतो, म्हणजे अमुक-तमुक. अरबी-फारसीतून मराठीत आलेला आपला ‘फलाणा’ हा त्याच शब्दकुळातला. इतक्या नावांनी भरलेल्या त्या अध्यायात या गृहस्थाचे नाव तेवढे राहिलेले नाही.

नामीचेही डोळे हळूहळू उघडले. बवाजाने रूथच्या पदरात सहा मापे सातू घातले ते सासूकडे रिकामी जाऊ नये म्हणून (३:१७). मूळ भाषेत हा ‘रिकामी’ शब्द तोच आहे, जो नामीने वेशीवर उच्चारला होता. आणि चौथ्या अध्यायात, ओबेदाच्या जन्मानंतर, बेथलेहेमच्या बायका पुन्हा जमतात. ज्यांनी पहिल्या दिवशी रूथकडे पाहिले नाही त्याच गावच्या या बायका आता नामीला सांगतात की तुझ्यावर प्रीती करणारी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे (४:१५). दावीद राजाची ती पणजी झाली, आणि आपल्या प्रभूच्या वंशावळीत तिचे नाव आजही वाचले जाते. पण मला त्या बायकांचे अधिक वाटते. सुमारे वर्षभराने का होईना, त्यांना आपली चूक दुरुस्त करता आली.

आम्हांला आठ वर्षे लागली. माझा पुतण्या आणि त्याची पत्नी या नाताळात पुन्हा येत आहेत. गेल्या महिन्यात मी तिला इंग्रजीत पत्र लिहिले. नवऱ्याच्या नावे नव्हे, तिच्या नावे. झाल्या गोष्टीची क्षमा मागितली, आणि तिच्या आईविषयी विचारले : नाव काय होते, नाताळात काय रांधीत असत, एखादे छायाचित्र पाठवता येईल का. चार पानी उत्तर आले. छायाचित्र माझ्या पत्नीने चौकट करून बैठकीच्या खोलीत, आमच्या आईवडिलांच्या शेजारी लावले आहे. नावाचे पहिले अक्षर घशातून, खाकरल्यासारखे काढावे लागते. आम्हां दोघांना ते अद्याप नीट जमत नाही. सायंप्रार्थनेनंतर रोज म्हणून पाहतो.